पहिल्या पावसात गाडीची मागची बाजू सुटली, आता गाडी विकू का?

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच प्रकारच्या गाड्यांबद्दल आहेत, म्हणजे मागच्या चाकांना पॉवर असलेल्या दणकट इंजिनच्या गाड्या. रविवारी सकाळी गंगापूर रोडला उभं राहिलं की लक्षात येतंच नाशिकमध्ये या गाड्या किती वाढल्यात ते. मी २४ वर्षं अंबडला गॅरेज चालवतोय आणि या गाड्या माझ्याकडे बहुतेक वेळा पावसाळ्यातच येतात, रिम वाकलेला, बंपर फुटलेला आणि मालक गप्प. म्हणून पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देतोय.

प्रश्न : सर, आमची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, राहायला गंगापूर रोडला. गेल्या वर्षी २०१७ ची सेकंडहँड फोर्ड मस्टँग व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन) घेतली, २२ हजार किलोमीटर चाललेली, एकदम टापटीप. जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी जेहान सर्कलला वळताना थोडी रेस दिली आणि मागची बाजू अशी सुटली की गाडी पूर्ण फिरून डिव्हायडरला लागली. स्पीड चाळीसपण नव्हता. बायको शेजारी होती, ती आता गाडीत बसत नाही. मी लहानपणापासून जीप चालवतोय, ड्रायव्हिंग कच्चं नाही. टायर नव्यासारखे आहेत. गाडीतच फॉल्ट आहे का? विकून टाकू का?

दादा, सगळ्यात आधी, कुणाला लागलं नाही हे फार बरं झालं. विकायचं नंतर बघू, आधी एक काम करा. टायरच्या बाजूला डीओटी अशी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे एका लंबगोलात असतात, ते वाचा. पहिले दोन म्हणजे वर्षाचा कितवा आठवडा आणि शेवटचे दोन म्हणजे वर्ष. समजा ३८१६ लिहिलंय तर तो टायर २०१६ च्या ३८ व्या आठवड्यात बनलाय. २२ हजार किलोमीटर चाललेल्या २०१७ च्या गाडीवर बहुतेक कंपनीतून आलेलेच टायर असणार. टायरवरची जाळी, म्हणजे नक्षी, खोल दिसते म्हणून आपल्याला ते नव्यासारखे वाटतात, पण रबर म्हातारं झालेलं असतं. अंगठ्याचं नख टायरमध्ये रुतवून बघा आणि मग एखाद्या नव्या टायरमध्ये रुतवून बघा, फरक हाताला कळेल. विकताना टायरला काळं पॉलिश मारतात त्यात बारीक चिरा झाकल्या जातात, त्यामुळे एकदा साबणाने धुऊन कोरडे करा आणि मग जाळीच्या फटींच्या तळाशी बॅटरी मारून बघा. पाच-सहा वर्षांनंतर टायरवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, जाळी कितीही असू दे. आणि या गाडीला तर अजिबातच नाही.

आता जीपचं. तुमचा अनुभव खरा आहे, जीप काय, ओम्नी काय, आपल्या नाशिकच्या कारखान्यात बनणारी बोलेरो काय, सगळ्या मागच्या चाकांवरच चालतात. पण बोलेरोचं इंजिन आहे ७५ हॉर्सपॉवरचं आणि तुमची मस्टँग ३९५ च्या आसपास. म्हणजे पाच बोलेरोंची ताकद दोन मागच्या चाकांतून रस्त्यावर उतरते आणि एकेक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण आपल्या तळहाताएवढ्या जागेत. ती तळहाताएवढी जागा एका वेळी तीन कामं करते, गाडी पळवते, थांबवते आणि वळणात बाजूला घसरू देत नाही. तिच्याकडे ताकद ठरलेलीच असते. वळताना बरीचशी ताकद बाजूला घसरण अडवण्यात गेलेली असते, त्यात तुम्ही रेस दिली की पुढे ढकलायचं काम अंगावर पडतं, दोन्ही जमत नाही आणि मागचा टायर बाजूची पकड सोडतो. जीपला ती पकड तोडण्याएवढी ताकदच नव्हती, म्हणून इतकी वर्षं ही गोष्ट तुम्हाला कधी दिसली नाही.

वर पहिला पाऊस. उन्हाळाभर रस्त्यावर धूळ, ऑइलचे थेंब, टायरचा रबराचा चुरा बसलेला असतो आणि मृगाची पहिली सर ते धुऊन नेत नाही, नुसतं भिजवते, त्याचा चिकट राप होतो. एक-दोन जोरदार पाऊस झाले की रस्ता उलट बरा होतो. चौकात तर विचारूच नका, तिथे प्रत्येक गाडी थांबते आणि प्रत्येक गाडी ऑइल गाळते. त्यामुळे चाळीसच्या आत गाडी फिरली याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

आता मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे आणि खरं उत्तर स्वतःलाच द्या. मागची बाजू सुटली तेव्हा तुम्ही रेसवरचा पाय झटक्यात उचलला ना? जवळजवळ सगळे उचलतात. मीसुद्धा उचलला होता. बरीच वर्षं झाली, जुलै महिना होता, गिऱ्हाइकाची मागच्या चाकांची सेडान ट्रायलला त्र्यंबक रोडला नेली होती, अंजनेरीच्या अलीकडे डावं वळण, मागचं थोडंसं सरकलं आणि मी घाबरून पाय पूर्ण काढला. पुढच्या क्षणी समोरच्या काचेत रस्त्याऐवजी भाताचं खाचर होतं, आणि गाडी त्या चिखलात उलट्या तोंडाने उभी राहिली, वायपर चालूच. समोरून एखादी एसटी येत असती तर हे पत्र लिहायला मी नसतो. त्या दिवसापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगतो की या गाडीत रेस देण्यापेक्षा रेस सोडायला शिका.

कारण असं आहे बघा. बागेला पाणी नेणारा अर्धा भरलेला टँकर तुम्ही रोज बघता. ब्रेक मारला की सगळं पाणी पुढे धावतं. गाडीचं वजनही तसंच धावतं. पाय झटक्यात काढला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, पुढची जमिनीत रुततात, स्टिअरिंग वळलेलंच असतं, मग पुढचं टोक जोरात वळतं आणि हलकी झालेली शेपटी बाहेर फेकली जाते. म्हणून क्रम असा पाळा : स्पीड कमी करायचा तो रस्ता सरळ असतानाच, वळणात शिरल्यावर पाय जेमतेम टेकलेला एकसारखा ठेवायचा, आणि स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की जेवढं सरळ होईल तेवढीच रेस वाढवायची. स्टिअरिंग वळलेलं असताना पाय हलका. एवढं एक अंगात मुरलं ना, की निम्मी भीती जाते.

आणि तरी सुटलीच तर? नजर जिथे जायचंय तिथे, डिव्हायडरकडे अजिबात नाही, कारण हात नजरेमागे जातात. शेपटी ज्या बाजूला चाललीय त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवा, पाय हळूहळू कमी करा, झटका नाही, आणि गाडी सरळ व्हायला लागली की स्टिअरिंग लगेच परत आणा नाहीतर ती दुसऱ्या बाजूला फेकते. पण गाडी पूर्ण फिरायलाच लागली असेल तर हिरोगिरी नको, ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि थांबेपर्यंत सोडायचा नाही.

तुमच्या गाडीत डॅशवर मोड बदलायची छोटी खटकी आहे. पावसात स्नो/वेट मोड टाका, त्यात पाय दाबला तरी इंजिन सावकाश ऐकतं. ट्रॅक मोडला रस्त्यावर हातसुद्धा लावू नका, त्यात गाडी सांभाळणारी स्टॅबिलिटी कंट्रोलची मदत जवळजवळ काढून घेतली जाते. ती मदत बटणाने बंद करायची असते म्हणून कुणी मित्र सांगेल, त्याला गाडीतून उतरवा.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. कसारा घाट उतरताना आपण गिअर खाली टाकून इंजिनवर गाडी रोखतो, बरोबरच आहे, नुसत्या ब्रेकवर पावणेदोन टनाची गाडी उतरवली तर ब्रेक तापून मऊ पडतात. पण मागच्या चाकांच्या गाडीत इंजिनचा तो रोध फक्त मागच्या दोन चाकांना लागतो. ओल्या वळणात स्टिअरिंगमागच्या गिअरच्या पॅडलने एकदम दोन गिअर खाली टाकले तर मागच्या चाकांना हँडब्रेक ओढल्यासारखं होतं. गिअर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, एकेक करून.

तर, चारही टायर बदला, अलाइनमेंट करा, डिव्हायडरला लागलेल्या बाजूचा रिम आणि सस्पेन्शनचे आर्म उघडून तपासून घ्या, नुसतं बाहेरून बघून चालणार नाही. मग दोन-तीन महिने एकट्याने चालवा. वहिनींना आग्रह करू नका. त्या स्वतःहून म्हणतील तेव्हाच.

प्रश्न : माझी बीएमडब्ल्यू ३२० डी आहे, नाशिकरोडला राहतो. मागचे दोन टायर गुळगुळीत झालेत, पुढचे अजून निम्मे आहेत. चारही साइज एकच आहे. टायरवाला म्हणतो नवे दोन पुढे टाका, स्टिअरिंग पुढे असतं, आणि पुढचे मागे टाकू. बजेट दोनचंच आहे. बरोबर आहे का?

नवे मागे टाका. टायरवाल्याचं म्हणणं ऐकायला पटतं म्हणून हा घोळ सगळीकडे होतो. पुढचा टायर घसरला तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाते, आपल्याला लगेच कळतं, पाय कमी केला की बहुतेक वेळा परत पकडते. मागचा घसरला तर गाडी फिरते आणि फिरायला लागलेली गाडी परत आणणं शंभरातल्या पाच जणांनाही जमत नाही. म्हणून चांगले टायर नेहमी मागे, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. तुमची तर मागच्यांवर चालते, मागचे आधी झिजले ते त्यामुळेच. कायद्याने जाळी किमान १.६ मिलिमीटर लागते पण आपल्या पावसासाठी ते फारच कमी आहे, पाणी बाहेर फेकायला जागाच उरत नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो. तीन मिलिमीटरला आले की बदलायची तयारी ठेवा. आणि दोन्ही मागचे एकाच कंपनीचे, एकाच पॅटर्नचे घ्या, पैसे वाचवायला एक इथला एक तिथला नको.

प्रश्न : समृद्धीवरून नागपूरला जाणार आहोत, गाडी मस्टँगच. टायर फुटल्याच्या बातम्या वाचून घरचे घाबरलेत. नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही ना?

तसं काही नाही हो. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजनने प्रेशर जरा सावकाश उतरतं आणि त्यात ओल नसते, फायदा एवढाच. मशीनवर भरून आलो म्हणून महिनाभर प्रेशर चेकच करायचं नाही, ही खरी भीती आहे.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात दबते आणि उलगडते, एखादी तार वाकवत राहिलं की ती गरम होऊन तुटते तसं आतून चालू असतं, आणि समृद्धीवर ते तासन्तास न थांबता चालतं. शहरात सिग्नल, खड्डे, ट्रॅफिक यामुळे टायरला दम खायला मिळतो, तिथे नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचं प्रेशर सकाळी गाडी निघायच्या आधी, टायर थंड असताना भरा. पन्नास किलोमीटर पळून आल्यावर गरम टायरचं प्रेशर जास्त दिसतं, ते बघून हवा काढणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून असं करू नका. साइडवॉलला कुठे फुगा आलाय का ते हात फिरवून बघा, खड्ड्याने आतले धागे तुटले की तिथे फुगा येतो, तो टायर समृद्धीवर न्यायचाच नाही.

इगतपुरी ते मुंबईजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ ला सुरू झाला आणि आता तिथून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर सलग रस्ता आहे. कारला मर्यादा १२० आहे, घाटाच्या भागात कमी. तुमच्या गाडीला १२० म्हणजे फिरायला निघाल्यासारखं वाटतं आणि तिथेच घात होतो, काटा कधी १६० वर गेला कळतही नाही. क्रूझ कंट्रोल लावा, पण पाऊस असेल तर काढा. दर दीड-दोन तासाला उतरा, चहा प्या, आणि टायरला उलटा हात लावा, एक टायर बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर त्यात काहीतरी आहे.

फुटलाच तर ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, सरळ, रेस हळूहळू सोडा, गाडी आपोआप मंदावेल, मग कडेला घ्या.

प्रश्न : माझी मस्टँग व्ही८ फक्त रविवारी निघते, वर्षाला दोन हजार किलोमीटरपण होत नाही. सर्व्हिसिंग किलोमीटरप्रमाणे करायची की दरवर्षी? फोर्डने भारतात गाड्या बनवणं बंद केलंय, ओळखीचा मेकॅनिक म्हणतो मीच ऑइल बदलतो, जे मिळेल ते टाकतो.

दरवर्षी. उभी गाडी झिजत नाही हा समज काढून टाका. थंड इंजिन सुरू करून दहा मिनिटं पार्किंगमध्ये चालवून बंद केलं की ऑइलमध्ये पाण्याची वाफ आणि पेट्रोल उतरतं आणि ते उडून जायला गाडी तापतच नाही. त्यापेक्षा दोन आठवड्यांनी एकदा नीट अर्धा-पाऊण तास फिरवा, पिंपळगावपर्यंत जाऊन या.

ऑइल "जे मिळेल ते" अजिबात नाही. या पाच लिटरच्या व्ही८ ला ५डब्ल्यू-२० ग्रेडचं ऑइल लागतं आणि फिल्टरसकट साधारण ७.६ लिटर. नेहमीच्या गाड्यांना तीन-चार लिटरचा डबा उघडून ओतायची सवय असते, त्या अंदाजाने कुणी केलं तर इंजिन अर्ध्या ऑइलवर निघेल. मॅन्युअलचं ते पान फोटो काढून मेकॅनिकला व्हॉट्सअॅप करा, आणि ऑइल टाकताना समोर उभे राहा. त्याला राग येणार नाही, आला तर दुसरा बघा.

सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल ओढतं. डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, पण ओल पिऊन जुनं झालं की तेच १५५ च्या आसपास उकळू शकतं. घाटात ब्रेक तापले आणि आत बुडबुडे झाले की पेडल सरळ खाली जातं. दोन वर्षांनी बदला, किलोमीटर किती का असेना. खर्च टायरच्या तुलनेत काहीच नाही.

बाकी थोडक्यात : बॅटरीला मेंटेनन्स चार्जर लावून ठेवा, टायर एकाच जागी सपाट होऊ नयेत म्हणून गाडी अधूनमधून जागेवरून हलवा, मागचा डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) कुठे ओला दिसतोय का ते सर्व्हिसिंगच्या वेळी बघायला सांगा. आणि बंगला शेताजवळ असेल तर उंदीर. द्राक्षाच्या भागातल्या गाड्यांमध्ये हा त्रास इतका आहे की मी बॉनेट उघडल्यावर आधी वायरिंगवर बॅटरी मारतो. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा, लेंड्या दिसल्या तर गाडी सुरू करायच्या आधी मेकॅनिकला बोलवा.

प्रश्न : ड्रिफ्टिंग शिकायचं आहे, रात्री एक नंतर रिंगरोड पूर्ण मोकळा असतो, तिथे प्रॅक्टिस केली तर चालेल का?

नाही. मोकळा रस्ता म्हणजे अजून कुणी आलेलं नाही एवढंच. रात्री एकला बाजार समितीकडे भाजीचे टेम्पो निघालेले असतात, हंगामात द्राक्षाचे ट्रॅक्टर असतात आणि ट्रॉलीला मागे लाइट नसतो. धोकादायक ड्रायव्हिंगला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली पहिल्याच वेळेला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मनापासून शिकायचं असेल तर पैसे साठवा आणि ट्रॅकवर जा, चेन्नईजवळ आहे, कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, तिथे घसरलात तरी समोर कुणाचं घर नसतं.

प्रश्न : माझा मुलगा २३ वर्षांचा, नोकरीला लागल्यावर त्याने आणि त्याच्या बाबांनी मिळून सेकंडहँड बीएमडब्ल्यू ३३० आय घेतली. आतापर्यंत त्याने स्विफ्ट चालवलीय, चांगली चालवतो. इंदिरानगरला राहतो, त्याला निफाडला कंपनीत सकाळी सहाला निघावं लागतं. मला रात्री झोप लागत नाही. चावी देऊ की नको, असं विचारणं वेडेपणाचं आहे का?

ताई, वेडेपणाचं मुळीच नाही. स्विफ्ट पुढच्या चाकांवर चालते आणि ही गाडी २५८ हॉर्सपॉवर मागच्या चाकांना देते, तीन-साडेतीन स्विफ्ट एकत्र. तो चांगला चालवत असेल, पण स्विफ्टने लावलेल्या काही सवयी इथे उलट्या पडतात, वर पहिल्या उत्तरात लिहिलंय ते त्याला वाचायला द्या.

तुमच्या पत्रातली मला खरी काळजीची गोष्ट वाटली ती सकाळी सहा आणि निफाड. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो, या गाड्यांचे स्पोर्ट टायर सात अंशांच्या खाली कडक पडतात आणि गाडी नुकतीच निघालेली असते म्हणजे टायर तापलेलेही नसतात. त्यात धुकं आणि गोदाकाठचे दवाने ओले झालेले रस्ते. पहिले दहा-पंधरा किलोमीटर त्याने एकदम शांत चालवायचं, ओव्हरटेक करताना अर्ध्यावर रेस दाबायची नाही, आणि स्टॅबिलिटी कंट्रोलचं डीएससी बटण कधीच बंद करायचं नाही. हिवाळा संपेपर्यंत कंपनीत स्विफ्टनेच जाऊ दे असं मी माझ्या मुलाला सांगितलं असतं, आणि सांगितलंही आहे.

बाकी चावी द्या. पण पहिला महिना शेजारच्या सीटवर तुमच्यापैकी कुणीतरी बसा, रविवारी सकाळी गंगापूर धरणापर्यंत जाऊन या, वळणाच्या आधी ब्रेक लागतोय की वळणात, एवढंच बघा. तुमच्या समोरचा पाण्याचा ग्लास सांडला नाही तर तो नीट चालवतोय. आणि टायरची हवा दर पंधरा दिवसांनी त्याने स्वतः, स्वतःच्या गेजने बघायची, पंपावरच्या पोराला सांगून नाही. गेज साध्या दुकानातही मिळतो, त्याच्या वाढदिवसाला तोच घ्या.